हृदयरोगाचा धोका सांगणारं अ‍ॅप अरबीत आणायचं, तर आधी काय बदलायचं?

दोहावासी (धागाकर्ता)
इंग्रजीतलं तयार अ‍ॅप उचलायचं, मजकूर अरबीत करायचा, पडदा उजवीकडून डावीकडे फिरवायचा आणि 'खास अरब रुग्णांसाठी' म्हणून मोकळं व्हायचं. माझ्या मते ही निव्वळ रंगसफेदी आहे. आतलं गणित कुणाचं? पुढच्या दहा वर्षांतला हृदयरोगाचा धोका काढणारं फ्रेमिंगहॅमचं सूत्र निघालं ते १९४८ पासून मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावच्या, बहुतांश गोऱ्या लोकांवरून. ब्रिटनच्या क्यूरिस्क-३ या तशाच सूत्रात वंशाचे भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, चिनी असे रकाने आहेत; अरब माणूस जातो 'इतर'मध्ये. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात (२००४) हृदयविकाराचा पहिला झटका सर्वांत लवकर आलेला दिसला तो मध्यपूर्वेत, निम्म्या रुग्णांना ५१ व्या वर्षापर्यंतच. आणि युरोपचं धोका काढायचं सूत्र स्कोर-२ काय, डब्ल्यूएचओचे (जागतिक आरोग्य संघटनेचे) धोक्याचे तक्ते काय, सुरू होतात वयाच्या चाळिशीपासून! आधी गणित जुळवा, भाषांतराचं मग बघू.

गोळीवाला
असहमत. स्थानिक गणित जुळवायचं म्हणजे हजारो माणसांवर दहा-दहा वर्षं नजर ठेवायची. तोवर लोकांनी काय करायचं? स्कोर-२ ने (२०२१) इजिप्त, मोरोक्को, लेबनॉन, सीरिया यांना 'अति-उच्च धोका' गटात टाकलेलंच आहे. डब्ल्यूएचओच्या २०१९ च्या तक्त्यांत उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेचा वेगळा विभाग आहे. त्यातल्या एका तक्त्याला तर रक्ततपासणीही लागत नाही: वय, लिंग, धूम्रपान, वरचा रक्तदाब, उंची-वजन, संपलं. इजिप्तने २०१८-१९ च्या मोहिमेत हेपटायटिस सी या यकृताच्या आजाराबरोबर कोट्यवधी लोकांचा रक्तदाब, साखर आणि वजन तपासलं. त्यात धूम्रपानाचा एक प्रश्न घाला, की धोका निघाला.

दोहावासी
साखर तपासली म्हणता, पण तुमच्या त्या बिनरक्ताच्या तक्त्यात मधुमेहाला जागाच नाही! कुवेतमध्ये दर चार प्रौढांमागे जवळपास एकाला मधुमेह आहे. तिथे हा तक्ता नेमका कुणाचा धोका मोजणार? शिवाय त्या एका विभागात गरीब येमेन आणि श्रीमंत कुवेत एकाच पिशवीत.

गोळीवाला
मग मधुमेह 'हो' म्हटलं की आकडा न दाखवता थेट डॉक्टरकडे पाठवा. एका ओळीचं काम आहे.

कळफलक
तुम्ही दोघं गणितावर भांडताय, इथे पडद्यावरच गोंधळ आहे. अरबी मजकुरात रक्तदाब '१२०/८०' सलग लिहिलं तर नीट दिसतं. तेच तिरक्या रेघेच्या दोन्ही बाजूंना जागा सोडून लिहा, आकड्यांची अदलाबदल होऊन '८० / १२०' दिसतं. शिवाय कैरोत पूर्वेकडचे अरबी अंक, तर मोरोक्कोत युरोपीय वळणाचे 1, 2, 3. कोलेस्टेरॉल कुणाच्या अहवालात २०० (मिग्रॅ/डेसिलिटर), कुणाच्या ५.२ (मिलिमोल/लिटर), आणि दोन्ही एकच! चुकीच्या एककाच्या रकान्यात भरलं तर सूत्र कितीही अस्सल असो, उपयोग शून्य. आणि 'सिगारेट ओढता का?' असं विचारलं की रोज संध्याकाळी शीशा (हुक्का) ओढणारा खुशाल 'नाही' दाबतो.

गोळीवाला
शीशा विचारून करणार काय? वर आलेल्या एकाही सूत्रात त्याचा गुणांक नाही.

कळफलक
सरळ 'धूम्रपान: हो' धरायचं. तंबाखूचा धूर तो धूरच. धोका थोडा जास्त दिसला तर बिघडत नाही.

दोहावासी
बघा, म्हणजे अंदाजपंचेच! (शीशाबाबत मात्र कळफलकांशी सहमत.)

स्टेथो
एक गोष्ट कुणीच काढली नाही. लेबनॉनमध्ये आनुवंशिक अति-कोलेस्टेरॉलचा एक जनुकीय बदल पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे, आणि नात्यातली लग्नं या भागात सर्रास होतात. अशा घरातल्या तिशीतल्या मुलाला ही सूत्रं लागूच पडत नाहीत. त्याचं वय चाळीस टाकून अ‍ॅपने हिरवा रंग दाखवला, तर ते अ‍ॅप नसलेलं बरं. 'घरात कुणाला पन्नाशीच्या आत झटका आला होता का?' हा प्रश्न सगळ्यात आधी हवा.

गोळीवाला
मान्य. मग चाळिशीच्या आतल्याला आकडा आणि रंग दोन्ही देऊ नका. रक्तदाब मोज, कोलेस्टेरॉल तपास, शीशा सोड, एवढंच अरबीत सांगा. त्याला कुठलं गणित लागतं?

दोहावासी
नाहीच लागत. पण मग त्याला 'धोका मोजणारं अ‍ॅप' म्हणून खपवू नका.