किनाऱ्यावरचा पक्षी सतत पाय थरथरवत आहे, त्याला पकडावे का? (मदत हवी आहे)

भरतीरेषा: आज सकाळी किनाऱ्यावर एक लहान पक्षी ओल्या वाळूवर उभा राहून एक पाय सारखा थरथरवताना दिसला. मध्येच तो चार पावले धावायचा, थबकायचा आणि पुन्हा तेच सुरू करायचा. मी बराच जवळ गेलो तरी उडाला नाही. पलीकडे त्याच्यासारखाच एक जण एका पायावर उड्या मारत सरकत होता. हा आजार आहे की इजा, आणि त्यांना पकडून आणावे का, एवढेच सांगावे. संध्याकाळी पुन्हा तिकडे जायचे आहे. पक्ष्याचे नाव कृपया विचारू नये. ते ठाऊक असते तर धागा काढलाच नसता.

खाडीकाठ: नाव नको, पण चोच आखूड होती की लांब? पाणी चढत होते की उतरत होते? पक्षी एकटा होता की थव्यात? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे थरथर फक्त पायात होती की मान आणि डोकेही हलत होते?

निळा_डगला: एवढ्या चौकशीची गरजच काय? हा बर्ड फ्लू असणार. २०२२ मध्ये एच५एन१ विषाणूमुळे उत्तर अटलांटिकच्या दोन्ही काठांवर गॅनेट पक्षी हजारोंनी मेले. हात लावू नका.

भरतीरेषा: चोच आखूड आणि काळी, डोके गोल, डोळे अंगाच्या मानाने मोठे. ओहोटी होती. मान व्यवस्थित होती. नंतर एक कुत्रा धावत आला, तेव्हा अख्खा थवा उडाला आणि हे दोघेही त्यात होते. मूळ प्रश्नाशी याचा संबंध वाटला नाही म्हणून लिहिले नव्हते.

ओहोटीवाला: संबंध आहे, कारण निदान नेमके त्यातच आहे. हा चिखल्या असावा आणि तो आजारी नाही, जेवतो आहे. तुतवार हे किनाऱ्यावरचे दुसरे पक्षी चोचीने चिखल चाचपून भक्ष्य शोधतात, तर चिखल्या नजरेने शिकार करतो. म्हणून धावणे, थबकणे आणि टिपणे हा त्याचा क्रम ठरलेला असतो. ओल्या वाळूवर तो एक पाय किंचित पुढे टेकवून इतक्या वेगाने कंपित करतो की बोटांभोवतीचे पाणी थरथरताना दिसते. त्यामुळे वाळूतले किडे आणि बारीक कवचधारी जीव हलतात, आणि हललेले काहीही त्या मोठ्या डोळ्यांतून सुटत नाही. पुन्हा पाहाल तेव्हा पायाकडे नव्हे, चोचीकडे लक्ष ठेवा. थरथर थांबल्याबरोबर तो टिपतो का ते कळेल.

एका पायावर उड्या मारणारा बहुधा विश्रांती घेत होता. उघड्या पायातून उष्णता कमी जावी म्हणून हे पक्षी एक पाय पिसांत ओढून घेतात आणि थोडेसे सरकायचे असेल तर तो बाहेर काढण्याचाही आळस करतात.

सडाफटिंग: कुरव पक्षीही हेच करतात. हिरवळीवर पाय आपटून गांडुळे वर काढताना मी त्यांना पाहिले आहे.

खाडीकाठ: हेच नव्हे. कुरव दोन्ही पाय आळीपाळीने आपटतो, जागच्या जागी चालल्यासारखा. चिखल्याचा एकच पाय थरथरतो. प्रश्न एका पायाचा आहे.



निळा_डगला: मग जवळ जाऊनही उडाला का नाही, याचे उत्तर कोणीच दिलेले नाही.

ओहोटीवाला: शरद ऋतूतल्या थव्यात त्याच वर्षी जन्मलेली पिल्ले पुष्कळ असतात. अनेक जातींत प्रौढ आधी निघतात आणि पिल्ले मागून, वाट दाखवायला कोणी नसताना येतात. उत्तरेकडच्या ओसाड प्रदेशात वाढलेल्या पिल्लाने माणूस पाहिलेलाच नसतो, मग तो कशाला बिचकेल? २०२२ मध्ये पाणटिवळ्याच्या एका जातीचे जेमतेम पाच महिन्यांचे पिल्लू अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटर न थांबता उडाले. अशा प्रवासानंतर उतरलेला पक्षी सहजी हलत नाही.

भरतीरेषा: हे पटले. मग खडकाजवळ पोटावर बसलेला मोठा पक्षीही थकलेलाच समजायचा ना? त्याची मान वाळूवर टेकलेली होती आणि तो कुत्र्यालाही उठला नाही.

खाडीकाठ: अहो, हा तिसरा पक्षी आत्ता सांगता? थकलेला पक्षी मान उचलून पाहतो तरी. मान लुळी पडणे हे बोट्युलिझमचे लक्षण असू शकते. साचलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातल्या जिवाणूंच्या विषाने आधी पाय जातात, मग मान. निळा_डगला म्हणतात तो फ्लूही इथे नाकारता येत नाही. उघड्या हाताने उचलू नका, तोंडात पाणी ओतू नका, कुत्र्यांना लांब ठेवा, आणि संध्याकाळची वाट न पाहता वन्यजीव बचाव केंद्राला जागा कळवा.

निळा_डगला: मी हेच पहिल्या प्रतिसादात सांगितले होते.

खाडीकाठ: चुकीच्या पक्ष्याबद्दल.

भरतीरेषा: केंद्राला दूरध्वनी केला. आसपास आणखी मेलेले पक्षी आहेत का, असे त्यांनी विचारले. खडकाच्या मागे मी गेलो नव्हतो, तसे सांगितले. त्यांची माणसे निघाली आहेत. मी लांबूनच जागा दाखवणार आहे.