घरून काम करताना क्लायंटची गुपितं कशी सांभाळता? अनुभव लिहा

मी नागपूरला त्रिमूर्ती नगरात राहते. सीए आहे, 2020 पासून बहुतेक काम घरूनच चालतं. गोष्ट मे महिन्यातली. पारा 45 ला टेकलेला, हॉलच्या खिडकीत कूलर. कूलरची हवा लागायची तर समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते आणि त्याच्या घरघरीत फोनवर बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. एका व्यापारी क्लायंटच्या थकलेल्या कर्जाबद्दल मी अशी पाऊण तास बोलले. संध्याकाळी भाजीच्या गाडीजवळ शेजारच्या काकूंनी त्याचं नाव घेऊन विचारलं, "काऊन गं, त्यांचं दुकान बसून राहिलं का?" हातातली वांगी हातातच राहिली. काकूंनी मुद्दाम ऐकलं नव्हतं, त्यांना खरंच काळजी वाटली होती. पण आमच्या 1949 च्या कायद्यात दुसऱ्या अनुसूचीचा पहिला भाग सुरूच होतो तो क्लायंटची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करण्यापासून.

दुसऱ्या दिवशी मी क्लायंटला स्वतः फोन करून सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ताई, यापुढे मीच तुमच्याकडे येत जाईन." ते फार लागलं. आता असे कॉल सकाळी सातला, आतल्या खोलीतून, कूलर लावायच्या आधी. नाव घेत नाही, फाइल नंबर बोलते.

तुम्हीही लिहा. चुका तर नक्की लिहा. फक्त क्लायंट ओळखू येईल असं काही नको.

रिटर्न भरून देणारा, सीताबर्डी

जुलैअखेरची घाई होती. घरी प्रिंटर नव्हता, म्हणून एका क्लायंटचं एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडचं त्याच्या वर्षभराच्या व्यवहारांचं विवरण, झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. चार दिवसांनी परत गेलो तर त्याच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड्समध्ये ती फाइल तशीच पडलेली. बाजूला कोणाचा सातबारा, कोणाची मार्कशीट, कोणाचं आधार. एआयएसच्या पीडीएफला पासवर्ड असतो, पण तो म्हणजे लहान अक्षरांतला पॅन आणि पुढे जन्मतारीख. मी तर पॅन आणि आधारच्या प्रतीही त्याच नंबरवर पाठवल्या होत्या! दुकानदार भला माणूस, लगेच म्हणाला, "पुसून टाका ना दादा, आजपर्यंत कोणी सांगितलंच नाही." त्याच आठवड्यात प्रिंटर घेतला. क्लायंटकडून आता मास्क केलेलंच आधार मागतो, त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात. रिटर्नसाठी पूर्ण नंबर लागला तर फोनवर विचारून घेतो.

मेडिकल कोडर, मनीष नगर

आमचं काम अमेरिकन हॉस्पिटलांचं, रुग्णांच्या आजार-उपचारांच्या नोंदींना कोड द्यायचं, रात्रपाळीचं. रुग्णांची माहिती गुप्त ठेवायला लावणाऱ्या तिथल्या हिपा कायद्यामुळे लॅपटॉप कंपनीचाच, कॉपी-पेस्ट बंद, प्रिंट बंद, टेबलावर मोबाइल चालत नाही. एका रात्री पावसात आमचं वायफाय गेलं. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी आपला पासवर्ड देऊ केला. त्यांचं मन मोडायला जिवावर आलं, तरी नको म्हटलं. सुपरवायझरला कळवून लॉगआउट केलं, त्या रात्रीचा पगार कापला गेला. मला ते पटलेलं नाही. नियम पाळणाऱ्याचाच पगार कापला तर पुढच्या वेळी कोण कळवेल?

वकील, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात प्रॅक्टिस

बराच विचार करून लिहितो आहे. घरगुती हिंसाचाराची एक केस होती. सिव्हिल लाइन्समधल्या कोर्टातून निघताना जाडजूड फाइल आणण्याऐवजी मी तिचे मोबाइलवर फोटो काढले. त्यात पक्षकार बाईंच्या जखमांचे फोटोही होते. आमच्या घरी सगळ्यांचे फोटो एकाच गुगल खात्यात जमा होतात. लग्नं, वाढदिवस, सहली, सगळं. रात्री जेवताना अकरा वर्षांच्या मुलीनं विचारलं, "बाबा, त्या काकूंना कोणी मारलं?" ती टॅबवर स्वतःच्या वाढदिवसाचे फोटो शोधत होती.

1 जुलै 2024 पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. जुन्या 126 चं आता कलम 132 झालं, बंधन तेच आहे. पक्षकारानं सांगितलेलं वकिलानं उघड करायचं नाही, काम संपल्यावरही नाही. दुभाषी आणि वकिलाचे क्लार्क, कर्मचारीही त्यात येतात. घरच्या माणसांचं नाव त्यात कुठे नाही. ते बघणं माझ्यावरच होतं. त्या बाई कोर्टाच्या कॉरिडॉरमध्येसुद्धा पदर पुढे ओढून बसायच्या आणि मी त्यांना माझ्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं होतं.

त्यांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "अजून कोणी पायलं का?" पत्नीनंही पाहिले होते, तेही सांगितलं. केस त्यांनी काढून घेतली नाही.

रिटर्न भरून देणारा, सीताबर्डी

वकीलसाहेब, मग आता घरी वाचता कसं?

वकील, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात प्रॅक्टिस

कामाचा फोन वेगळा केला, त्यात फोटोंचा बॅकअप बंद. जुने फोटो टॅबवरून, खात्यातून आणि खात्याच्या ट्रॅशमधूनही काढले, कारण बॅकअप झालेली वस्तू ट्रॅशमध्ये 60 दिवस राहते. जखमांचे फोटो असलेली फाइल घरी आणतच नाही, चेंबरमध्येच थांबून वाचतो. बाकीच्या कागदांसाठी कपाटाला कुलूप लावलं, किल्ली माझ्याजवळ.

मुलगी मात्र अधूनमधून विचारते, त्या काकू आता बऱ्या आहेत का. मी "हो" म्हणतो आणि विषय बदलतो.