अर्जंट मदत हवी: जेरांतुटवरून लॉजला बोट मिळेल का?

बर्डीचा_भटक्या: लोकहो लवकर सांगा, डोकं फिरून राहिलं. बस जेरांतुटला १ च्या आसपास पोचते म्हणतात आणि बोट २ ला सुटते म्हणे. मधे धक्क्यापर्यंत जायचं कसं? आणि बोट चुकली तर? लॉजचे पैसे भरून झाले, परत मिळत नाहीत. यूट्यूबवर सगळे नुसते ड्रोन उडवून राहिले, टायमिंग कोणी सांगत नाही.

तर्रीपोहे_४४: जेरांतुट कुठं आलं बाप्पा? मला वाटलं आपल्या नागपुरातल्या जरीपटक्याच्या पुढं.

बर्डीचा_भटक्या: मलेशिया हो. तामन नेगारा नॅशनल पार्क. नावावरून कळते ना एवढं.

महालचे_काका: काहून एवढ्या दूर जाता? कोलितमाऱ्याला जा, पेंचचंच जंगल आहे, बोटिंग आहे. सकाळी डबा घेऊन निघायचं, रात्री घरी. आम्ही दर वर्षी जातो.

पायपीट: काका, त्यानं पैसे भरलेत ना. भाऊ आधी हे सांग, महिना कोणता, किती जण, आणि लॉज नदीच्या कोणत्या बाजूला? मी २०१९ ला गेलो होतो. क्वालालंपूरवरून बसनं साधारण तीन तास जेरांतुट, तिथून टॅक्सीनं १५-१६ किलोमीटरवर कुआला तेंबेलिंगचा धक्का. मग लांबड्या अरुंद लाकडी होडीत प्रवाहाविरुद्ध ६० किलोमीटर, तीनेक तास. पाठीचा चुराडा होतो पण दोन्ही काठांना जे जंगल दिसते ना, त्याला तोड नाही.

बर्डीचा_भटक्या: दोघं. बाजू कोणती काय माहीत, लॉज आहे बस. बोटीशिवाय पोचताच येत नाही असं लिहिलंय म्हणून तर टेन्शन.

पायपीट: अरे तिथंच घोळ आहे. कुआला ताहान गावापर्यंत डांबरी रस्ता जातो, जेरांतुटवरून व्हॅन मिळते. गाव या काठाला, नॅशनल पार्क पलीकडे. पलीकडे जायला छोटी होडी, एका रिंगिटमध्ये उतरवायचा तेव्हा, पाच मिनिटं पण नाही लागत. तीन तासाची बोट हौसेची आहे, सक्तीची नाही. चुकली तर व्हॅन पकड. महिना सांग पण.

बर्डीचा_भटक्या: १९ डिसेंबर.

पायपीट: हे आधी सांगायचं ना बे!! त्या भागात नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाऊस असतो. २०१४ च्या डिसेंबरात पूर आला तेव्हा तिथं पर्यटक अडकले होते, बाहेर काढावं लागलं त्यांना. नदी चढली की बोट बंद. लॉजला आजच मेल कर.

वऱ्हाडी_वाघीण: घाबरवू नका हो त्याला, माझी नणंद जानेवारीत गेली होती, एक दिवस पाऊस पडला फक्त.

पायपीट: एका नणंदेवरून हवामान ठरत नाही ताई.

वऱ्हाडी_वाघीण: आणि एका ट्रिपवरून तुमचं ज्ञान ठरते वाटते.

तर्रीपोहे_४४: वाघ दिसतो का तिथं?

पायपीट: विसर. अख्ख्या मलेशियात जंगली वाघ दीडशेच्याही आत, आणि जंगल इतकं दाट की दहा पावलांवरचं दिसत नाही. ताडोबासारखं जिप्सीत बसून मिरवणं नाही, पायीच. दिसतील त्या जळवा. लांब मोजे घाल, पँट मोज्यात खोच.

महालचे_काका: जळवांना तंबाखूचं पाणी. चपलेला लावायचं. माझे वडील धानाच्या बांधीत उतरताना तेच लावायचे.

वऱ्हाडी_वाघीण: काका, विमानात तंबाखूचं पाणी नेणार का तो?

सोबत_डबा: शाकाहारी आहात का? तिथं बेलाचान म्हणून सुक्या कोळंबीचा गोळा असतो, भाजीतही घालतात. नुसतं 'व्हेज' म्हटलं तर काढत नाहीत. ठेपले, चिवडा, मेतकूट न्या. रोख पैसे जेरांतुटलाच काढा, पुढं एटीएमचा भरवसा नाही. व्हिसा सध्या लागत नाही पण डिजिटल अरायव्हल कार्ड पोचायच्या तीन दिवस आत ऑनलाइन भरावं लागते. चेन्नईला काउंटरवर आमच्या पुढच्या माणसाला बाजूला काढलं होतं यासाठीच.

बर्डीचा_भटक्या: हे कार्डाचं कोणीच बोललं नव्हतं, थँक्स. दुसरी माणूस म्हणजे आई आहे, ६४ वर्षांची, गुडघा दुखतो.

पायपीट: आई!! आणि आता सांगून राहिला. मग बोटीचं नावच नको, पाय पसरून लाकडी तळावर तीन तास. व्हॅनच. धक्क्यावर पायऱ्याही आहेत, लॉजवाल्याला हात द्यायला माणूस माग.

महालचे_काका: आईला घेऊन नागपूरजवळच्या आंभोऱ्याला जायला हवं होतं. पाच नद्यांचा संगम, आता पूलही झाला मोठा. पूल नव्हता तेव्हा आम्ही डोंग्यातून जायचो.

पायपीट: काका, कुआला म्हणजे संगमच बरं. ताहान तेंबेलिंगला मिळते तिथंच ते गाव आहे.

महालचे_काका: बघा, मग इथला काय वाईट?

बर्डीचा_भटक्या: लॉजचा रिप्लाय आला. पार्कच्या काठाला आहे, होडी तेच पाठवतात, नदी चढली तर तारीख पुढं करून देतात, पैसे मात्र परत नाही. व्हॅन बुक करतो. आईला अजून जळवांचं सांगितलं नाही.

तर्रीपोहे_४४: काका, आंभोऱ्याला मासे कुठं मिळतात चांगले?