अनुभव धागा: घरच्या घरी अद्भुतनगरी, जेवण आणि सिनेमा

मे महिन्यात मुंबई-पुण्याची भावंडं गावी उतरली की दिवस आंब्यांत आणि समुद्रावर जातो, रात्री मात्र जो तो आपापल्या मोबाइलमध्ये. म्हणून यंदा आम्ही एक रात्र ठरवून अद्भुताची केली. पानात त्या जगातलं जेवण आणि नंतर खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, सगळ्यांनी मिळून सिनेमा. तुम्ही असं काही केलंय? काय रांधलंत, काय दाखवलंत, घरच्या वडीलधाऱ्यांना कसं सामील करून घेतलंत, सविस्तर लिहा. सुरुवात मीच करते.

आमच्याकडे विषय होता जादूगारांची शाळा. कुंपणावरच्या गोकर्णाची निळी फुलं देठं काढून गरम पाण्यात टाकली, थोड्या वेळात पाणी शाईसारखं निळंभोर. गार करून साखर घातली आणि प्रत्येक पोराच्या हातात लिंबाची फोड दिली. दोन थेंब पडले की निळ्याचं जांभळं, आणखी पिळलं की गुलाबी. फुलातला रंगच आंबटात बदलतो, पण ते आधी सांगायचं नाही! पुतणी ग्लास डोळ्यांपुढे धरून मंत्र पुटपुटत बसली होती. गोडाला शिरवळे (तांदळाच्या पिठाच्या ताज्या शेवया), म्हणजे आमच्या यादीत ‘राक्षसाचे केस’, नारळाच्या गुळाळ रसात.
— देवगड

आम्ही दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ लावला. 1919चा मूकपट, इंटरनेटवर सहज मिळतो. कृष्ण झालीय फाळक्यांची लेक मंदाकिनी. सुरुवातीला ती नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते, आणि पोरं तिच्याबरोबर तोंडं करायला लागली.

मूकपट म्हटल्यावर आवाज आपलाच. काका दशावतारी नाटकात पेटी वाजवतात, ते पडद्याच्या कडेला बसले. शेजारचा मुलगा मृदंगावर, आई झांजेवर. कालिया वर आला तेव्हा काकांनी नाटकातल्या संकासुर राक्षसाच्या प्रवेशाला वाजवतात तसं वाजवलं आणि आजोबा खुर्चीतून उठून उभे राहिले. दशावतारात बाप्ये बायांची कामं करतात, इथे मुलगी कृष्ण झाली, यावर मागून कितीतरी वेळ चर्चा चालली होती. जेवायला दहीकाला, लोणी आणि आंबोळ्या. मला विचाराल तर परक्या जादूगारांपेक्षा यात घर जास्त गुंततं, कारण प्रत्येकाला काम असतं.
— कुडाळ

आमच्या पोरांनी ‘देवचाराची मेजवानी’ ठरवली. देवचार म्हणजे गावाची राखण करणारा अदृश्य राखणदार. आजी लगेच म्हणाली, “देवचाराची मस्करी करू नको हां, झिला. आधी त्याका पानसुपारी ठेव.” ठेवली. मग तिनेच सिनेमाच्या आधी गोष्टी सांगितल्या. सिनेमा दुसऱ्या दिवशी बघितला. आजी सांगत असताना मध्ये उठणार कोण?
— वेंगुर्ला

बसायच्या जागा गंजिफाने ठरवल्या. दशावतारी गंजिफाचे पत्ते 120, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. दारातच एकेक गोल पत्ता ओढायचा. मत्स्य आला त्याने बांगडे वाढायचे, वराह आला त्याच्याकडे सुरणाचे काप, नरसिंहाकडे काळ्या वाटाण्याचं तिखट सांबारं. वामनाला पहिलं पान. हाताने रंगवलेले पत्ते आहेत, तेव्हा ओल्या हाताने धरू देऊ नका. जेवणाआधीच डब्यात परत.
— सावंतवाडी

प्रोजेक्टरवाल्यांसाठी चार गोष्टी. खारा वारा सुटला की चादर शिडासारखी फुगते, खालच्या कडेत बांबू शिवून दोन्ही टोकांना नारळ बांधा. चुन्याची पांढरी भिंत असेल तर चादर नकोच. पहिल्या पावसानंतर दिव्यावर किडे तुटून पडतात, म्हणून जेवणं आत उरकून मगच बाहेर प्रोजेक्टर लावा. सिनेमा दुपारीच उतरवून घ्या, संध्याकाळी रेंज आणि वीज दोन्हींचा भरवसा नसतो. आणि इंग्रजी सिनेमा असेल तर हिंदी आवाजाचा शोधा. ज्येष्ठांना खालची अक्षरं वाचत बसावं लागलं की ते उठून झोपायला जातात.
— रत्नागिरी

देवगड, शिरवळे तुटतात हो आमचे. उकड कशी काढता?
— दापोली

दापोली, पिठाची उकड काढून मळायची, मुठीएवढे गोळे करून उकळत्या पाण्यात सोडायचे. वर तरंगले की काढून गरम असतानाच साच्यात घालून दाबायचे. गार झाला की गोळा साच्यातून उतरतच नाही. एकाने गोळे काढायचे, दुसऱ्याने दाबायचं, एकट्याचं काम नव्हे. तांदूळ मात्र जुना घ्या.
— देवगड