सायकल चोरीला गेलीय का कधी? कशी जपता? अनुभव सांगा

गावभागातला
काल संध्याकाळी लेक क्लासहून चालत घरी आली. पाठीला सॅक, हातात सायकलची किल्ली. "बाबा, सायकल नाहीये तिथं," एवढंच म्हणाली आणि चपला न काढता पायरीवर बसली. तिला गाडीवर घेऊन तसाच गेलो. सायकल सापडली. कुणीतरी आपली गाडी लावायला जागा करताना ती उचलून पलीकडच्या बोळात ठेवली होती. कुलूप होतं, पण मागच्या चाकाचं. मागून उचलायची आणि पुढच्या चाकावर ढकलत न्यायची, झालं.

पण ती वीस मिनिटं मला थेट १९९१ मध्ये घेऊन गेली. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेबाला होते. काळी बावीस इंची सायकल. सीटच्या शिवणीत आणि मुठींच्या खाचांत हळद बसलेली असायची, कितीही पुसा, पिवळी रेघ राहायचीच. दर रविवारी पायरीजवळ स्टँडवर लावून चेनला तेल द्यायचे, मी पायडल फिरवायचो. मंडईबाहेरून गेली. कोथिंबीर घ्यायला पाच मिनिटं आत गेले होते, साखळी-कुलूप पिशवीतच होतं.

चौकीत विचारलं, नंबर काय सायकलचा? वडिलांना तिचा एकूण एक ओरखडा माहीत होता, नंबर माहीत नव्हता. कधी लिहूनच ठेवला नव्हता. त्यानंतर दोन वर्षं ते यार्डात चालत गेले. त्या दिवशीचा त्यांचा चेहरा काल लेकीच्या चेहऱ्यात दिसला, म्हणून लिहितोय. तुमचं सांगा. आणि आता काय करायला हवं तेही सांगा.

मिरजवाली
दोन गेल्या आमच्या. एक स्टेशनबाहेरून. दुसरी जिन्याखालून, ती तर कुलूप लावलेली, उचलूनच नेली. मुलगा तीन दिवस जेवला नाही नीट. कुकर लावलाय, नंतर येते.

स्पोक_आणि_छर्रे
आमचं सायकलचं दुकान आहे सांगलीत, विश्रामबागेत, वडिलांपासून. रोज हाच विषय असतो म्हणून जरा लांबण लावतो.

दादा, तुमच्या लेकीच्या सायकलला आहे ते कुलूप फक्त चाक फिरू देत नाही. सायकल कशालाच बांधलेली नसते. किराणा दुकानासमोर दोन मिनिटांसाठी ठीक. प्लास्टिकचं वेटोळं असलेलं केबल लॉक घेतात लोक, दिसायला जाड असतं, पण आत बारीक तारांचा पीळ असतो. चांगल्या कटरपुढं त्याचं काही चालत नाही. जाड साखळी किंवा यू-लॉक घ्या. वजन वाढतं, गिऱ्हाईक कुरकुरतं, तरी घ्या.

आणि लावायचं कसं, तर फ्रेम आणि मागचं चाक दोन्हीतून घालून खांबाला किंवा भिंतीतल्या जाळीला. नुसतं पुढचं चाक बांधलं तर चाक खांबाला राहतं आणि बाकीची सायकल जाते. हे मी डोळ्यानं बघितलंय, एक पोरगं हातात चाक घेऊन रडत दुकानात आलं होतं. खांब आखूड नको, कुलपासकट वरून काढून घेतात. कुलूप जमिनीवर लोळेल असंही लावू नका, जमिनीवर टेकवून घाव घालायला सोपं जातं.

नंबर बहुतेक सायकलींना पायडलच्या मधल्या नळीखाली ठोकलेला असतो. सायकल उलटी करा, चिखल पुसा, दिसेल. काही फ्रेमना सीटखालच्या नळीवर असतो. फोटो काढून ठेवा, बिलाचाही काढा. थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पांढरं पडतं.

मिरजवाली
आले. नंबरलॉकचं पण सांगा हो कोणीतरी, माझ्या भाच्यानं तेच घेतलंय.

स्पोक_आणि_छर्रे
ताई, तीन आकडी असेल तर ०००पासून ९९९पर्यंत हजारच जोड्या. हाताला सवय असलेला माणूस बसला तर निघतं. शिवाय पोरं घाईत शेवटचं एकच चाक फिरवून जातात, म्हणजे काम आणखी सोपं. तिन्ही चाकं फिरवायला सांगा त्याला. किल्लीवालं भारी घेतलं तर उत्तमच.

पेपरवाला_पहाटे५
मी नववीत असल्यापासून पेपर टाकायचो. शंभर फुटी रोडला एका बिल्डिंगखाली सायकल लावून वर गेलो, चौथा मजला, खाली आलो तर सायकल नाही. पेपरचा गठ्ठा मात्र कट्ट्यावर नीट ठेवलेला. पावसाचे दिवस, वर प्लास्टिक पण झाकलेलं. त्या माणसाचा आजपर्यंत राग येत नाही मला पूर्ण, का ते सांगता येत नाही. गठ्ठा खांद्यावर घेऊन सगळी लाइन चालत पूर्ण केली. शेवटच्या घरी साडेनऊ वाजले. तिथल्या काकू चिडतील वाटलं, त्यांनी आधी पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाची जुनी सायकल हवा भरून गेटशी उभी होती. म्हणाल्या, घेऊन जा, परत आणू नकोस.

गावभागातला
भावा 🙏

मिरजवाली
डोळ्यात पाणी आलं. अशा काकू सगळ्यांना मिळोत.

माधवनगर_आजोबा
आमच्या वेळी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला असे. वर्षाचा कर भरायचा आणि बिल्ला लावून घ्यायचा. नसला तर चौकात अडवत. रात्री दिवा नसला तरी अडवत, म्हणून डायनॅमो. डबलसीट दिसलो की हवालदार शिट्टी मारायचा, मागचा उडी मारून पळायचा. त्या बिल्ल्याचा त्रास वाटायचा तेव्हा, पण कुणाची सायकल कुठली हे कागदावर असायचं.

टॉकीजबाहेर सायकल स्टँड असे. पत्र्याचा एक टोकन हँडलला, एक आपल्या खिशात. पिक्चर सुटला की शेकडो काळ्या सायकली, सगळ्या सारख्या. आपली ओळखायला मी सीटखाली लाल लोकर गुंडाळली होती.

भाड्याची_सायकल
आजोबा, तासावर सायकल आठवते का? दुकानाचं नाव चेनकव्हरवर नि आकडा मडगार्डवर, पिवळ्या ऑइलपेंटनं मोठ्ठा. कुणी कुठं पळवणार, अख्ख्या गावाला कळायचं कुणाच्या दुकानाची ते. मी आठ आण्यात अर्धी टांग मारत शिकलो आमराईच्या बाजूला. दोन्ही गुडघे फुटले होते, आई हळद लावत होती आणि मी उद्याचे आठ आणे मागत होतो.

यवतेश्वरच्या_पायथ्याशी
साताऱ्यातून. आमच्या दादाचं फक्त सीट गेलं. क्विक रिलीजचं होतं, खटका उघडला की हातात. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडं चढाला तसंही उभं राहूनच मारायला लागते, तिथवर काही वाटलं नाही त्याला. उतरताना मात्र हाल. पुढच्या चाकाचा खटकाही काढून आता साधे नट टाकलेत.

स्पोक_आणि_छर्रे
बरोबर केलंत. सीटला अॅलन बोल्ट टाका. चोर काही पाना घेऊन फिरत नाही असं नाही, पण दोन मिनिटं जास्त लागतात, आणि रस्त्यावर दोन मिनिटं पुष्कळ.

नवीन_सदस्य
सहावीतल्या मुलाला २४ इंची घ्यावी का २६?

स्पोक_आणि_छर्रे
इंचावर जाऊ नका, दुकानात उभा करा त्याला. दोन्ही पाय जमिनीला टेकून दांडी आणि मांडीच्या मध्ये दोन-तीन बोटं अंतर राहिलं पाहिजे. वाढतं अंग म्हणून मोठी घेतात आणि पोरगं वर्षभर घाबरत चालवतं.

कृष्णाकाठची
चोरीचं नाही, तरी सांगते. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आम्ही आधीच बाहेर पडलो होतो. धोक्याची पातळी ४५, त्यावरून कल्पना करा. सासऱ्यांनी जाताना सायकल गच्चीच्या जिन्याच्या कठड्याला साखळीनं बांधली. आम्ही सगळे ओरडत होतो, अहो चला, माणसं बघा आधी. ते म्हणाले दोन मिनिटं. परत आलो तर फ्रिज उलटा, गाद्यांचा चिखल झालेला, आणि सायकल जिथल्या तिथं. कुलूप गंजून घट्ट झालं होतं, रॉकेल सोडून सोडून उघडलं. चाकांच्या बेअरिंगचे छर्रे बदलले, कोन्या बदलल्या, चालू झाली. दुरुस्तीला आठवडाभर सासरे त्याच सायकलवर सिमेंट, चुना आणत होते.

गावभागातला
वहिनी, आमच्याही घरात छातीइतकं होतं. तो वास अजून जात नाही नाकातून.

कृष्णाकाठची
नाहीच जात. पावसात कपाट उघडलं की येतोच.

ठाणे_अंमलदार_निवृत्त
नोकरी या जिल्ह्यातच झाली. काही गोष्टी लोकांना कोणी सांगत नाही म्हणून लिहितो.

सायकल चोरीला गेली असेल तर तक्रारीत "चोरी" लिहा, "गहाळ" लिहू नका. गहाळची नोंद वेगळी होते, तिच्यात गुन्ह्याचा तपास नसतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, चोरीचं कलम ३०३. त्यात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र धरली आहे. म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. म्हणून बिल जपा. किंमत कागदावर असली की बोलता येतं.

दुसरं, चोर पकडल्यावर त्याच्याकडं एक नाही, बऱ्याच सायकली निघतात. त्या मुद्देमाल म्हणून आवारात लावल्या जातात. आपली सायकल परत घ्यायला कोर्टात अर्ज करावा लागतो, मग सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्टानं मागितली की हजर करीन असं लिहून दिल्यावर, मिळते. तिथं मालकी दाखवायला नंबरच लागतो. माझ्या डोळ्यांदेखत एक बाई रोज येऊन एका निळ्या सायकलीला हात लावून जायची. तिचीच होती, मला खात्री होती. कागद नव्हता. शेवटी तिच्या पोराच्या वाढदिवसाच्या फोटोत सायकल निघाली, मडगार्डला पडलेला पोचा त्यात दिसत होता. तो फोटो अर्जाला लावला, तेव्हा मिळाली.

पेपरवाला_पहाटे५
साहेब हे फार कामाचं. आमच्या लाइनच्या पोरांना पाठवतो, सगळ्यांच्या सायकली सेकंडहँड आहेत.

ठाणे_अंमलदार_निवृत्त
सेकंडहँड घेताना विकणाऱ्याकडून साध्या कागदावर लिहून घ्या. नाव, तारीख, रक्कम, फ्रेम नंबर, सही. नंबर घासलेला दिसला तर कितीही स्वस्त असू दे, घेऊ नका.

भाड्याची_सायकल
ते ट्रॅकर मिळतात सीटखाली लावायचे, त्याचं काय? कुणी वापरलाय?

यवतेश्वरच्या_पायथ्याशी
दादानं लावलाय. ब्लूटूथवाला आहे, जवळपास कुणाचा चालणारा फोन असला तरच जागा कळते. गावात ठीक, कासच्या रस्त्याला उपयोग नाही. जीपीएसवाल्याला सिम आणि चार्जिंग दोन्ही लागतं.

मिरजवाली
भाच्याला फोन केला. तो खरंच एकच चाक फिरवत होता 😄

गावभागातला
आज सकाळी लेकीची सायकल अंगणात उलटी केली. चिखल, त्याखाली ग्रीस, त्याखाली रंग. जुना टूथब्रश आणि रॉकेल घेऊन दोघं बसलो. आधी दोन इंग्रजी अक्षरं आली, मग एकेक आकडा. एक आकडा ३ का ८ कळेना, तिनं पेन्सिलनं कागदावर ठसा घेतला, ८ निघाला. वहीच्या शेवटच्या पानावर तिनंच लिहिला. आईला दाखवला तर आई म्हणाली, ह्यांच्या सायकलचा पण असाच खाली असेल का रे?

संध्याकाळी दुकानात येतो दादा, साखळी बघायला. किती वाजेपर्यंत असता?

स्पोक_आणि_छर्रे
साडेआठ. लेकीला घेऊन या, सीट पण तिच्या उंचीला लावून देतो.

मिरजवाली
विश्रामबागेत येणारच असाल तर भडंग घ्यायचं विसरू नका. कुठलं घेता तुम्ही, तिखट का लसणीचं?