मदत हवी आहे: गाणं आणि माध्यम, दोन्ही जमेल असं एमए कुठे करावं?

नमस्कार मंडळी. माझी भाची सांगलीत मानसशास्त्र घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद झाली आहे. पण नुसती मैफलीची गायिका व्हायचं तिच्या मनात नाही. गावच्या भजनी मंडळातल्या म्हाताऱ्या बुवांना गाठून ती अभंगांच्या जुन्या चाली मोबाइलवर रेकॉर्ड करते, कोणती चाल कोणाकडून आली ते वहीत लिहून ठेवते. मला तिचं हे काम फार मोलाचं वाटतं आणि पुढचं शिक्षण त्याला धरूनच व्हावं असं मनापासून वाटतं.

पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र डोळ्यासमोर आहे. तिथे गुरुकुल पद्धतीने तालीम मिळते, पण संशोधन आणि लेखनाला कितपत वाव असतो? बीए संगीतात नसेल तर विशारदवर प्रवेश मिळतो का? दुसरीकडे मुंबईच्या टिसमधलं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) माध्यम आणि संस्कृतीचं एमए, तिथे माहितीपट करायला शिकवतात. तिथे रियाज सुटेल, ही ताईची धास्ती. अशोका विद्यापीठाची यंग इंडिया फेलोशिप, म्हणजे वर्षभराचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, तीही कुणीतरी सुचवली; ती निवासी आहे, खर्चाचा आकडा मोठा, तेव्हा शिष्यवृत्ती मिळालेलं कुणी असेल तर जरूर सांगा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाबद्दलही ऐकायला आवडेल.

यापैकी कुठे शिकलेलं कुणी आहे का? रोजचा दिवस कसा जातो, रियाजाला खोली मिळते का, मुलींच्या वसतिगृहाचं काय, आणि पुढे काम कसलं मिळालं, हे कळलं तर फार उपकार होतील.