मदत हवी आहे : महाकाय बाह्यग्रहांच्या आलेखातला ओसाड पट्टा खरा की भासमान?

खगोलशास्त्र माझा विषय नाही, पण आलेख काढायची खोड आहे. बाह्यग्रहांची (सूर्य सोडून इतर ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांची) सार्वजनिक यादी उतरवून घेतली, गुरूच्या निम्म्याहून जड ग्रह तेवढे ठेवले आणि ताऱ्यापासूनचं अंतर विरुद्ध वस्तुमान असा आलेख काढला.

डावीकडे ताऱ्याला चिकटलेल्या 'उष्ण गुरूं'चा दाट पुंजका. (१९९५ मध्ये सापडलेला, ४.२ दिवसांत फेरी मारणारा ५१ पेगासी बी याच प्रकारचा, पण गुरूच्या निम्म्याहून किंचित हलका.) मग एक-दोन खगोलीय एककांच्या (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) आसपास दुसरा पुंजका. त्यापुढे जवळजवळ शुकशुकाट, आणि पार उजवीकडे थेट छायाचित्रात टिपलेले मोजके ग्रह, एचआर ८७९९ या ताऱ्याभोवतीच्या चौघांसारखे.

तर प्रश्न असा, की १० एककांपाशी खरंच ग्रह कमी आहेत का, की आपल्याला दिसत नाहीत? ग्रहाच्या ओढीने तारा डुलतो त्यावरून ग्रह ओळखायचा म्हटलं, तर गुरूमुळे सूर्य सेकंदाला जेमतेम १२.५ मीटर वेगाने डुलतो, तेही १२ वर्षांच्या चक्रात. त्याहून दूरचा ग्रह पकडायला किती वर्षं एकच तारा बघत बसायचं?

दुसरं म्हणजे, छायाचित्रातल्या ग्रहांचं वस्तुमान त्यांच्या तेजावरून काढतात आणि त्यासाठी ताऱ्याचं वय लागतं, कारण ग्रह वयानुसार निवत मंद होत जातो. वय चुकलं तर वस्तुमानही गेलं. मग असा ग्रह गाभ्यावर वायू साचून झाला की ताऱ्याभोवतीची वायू-धुळीची तबकडीच कोसळून, हे ठरवतात कसं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद :

आधी ती यादी बाजूला ठेवा. त्यात सापडलेले ग्रह आहेत, रिकामे निघालेले तारे नाहीत. उष्ण गुरू सूर्यासारख्या शंभरातल्या साधारण एकाच ताऱ्याभोवती असतात. पण ताऱ्यासमोरून जाताना प्रकाश अडतो त्यावरूनही ग्रह शोधतात, आणि इतक्या जवळचा ग्रह तसा दिसायची शक्यता दहात एक, गुरूइतक्या अंतरावर हजारात एक. म्हणून तुमचा डावा पुंजका फुगलाय.

ठरावीक ताऱ्यांची पाहणी बघा. कॅलिफोर्निया लेगसी सर्व्हे या ताऱ्यांचं डुलणं मोजणाऱ्या पाहणीने ७१९ तारे तपासले. विदेत (डेटात) खोटे ग्रह पेरायचे, किती पकडले जातात ते मोजायचं आणि त्या हिशेबाने खरी संख्या काढायची. २०२१ चा निष्कर्ष : दर १०० ताऱ्यांमागे २ ते ८ एककांत सुमारे १४ महाकाय ग्रह, ८ ते ३२ एककांत सुमारे ९. म्हणजे संख्या घटते, पण ओसाड नाही.

वयाची शंका रास्त आहे. म्हणूनच एका ग्रहावर कुणी निकाल देत नाही, गठ्ठ्याने बघतात. जेमिनी प्लॅनेट इमेजर या ग्रहांची थेट छायाचित्रं घेणाऱ्या उपकरणाच्या पहिल्या ३०० तरुण ताऱ्यांत (२०१९) छायाचित्रात आलेले ग्रह सगळे सूर्याच्या दीडपटीहून जड ताऱ्यांभोवती निघाले, तपकिरी बटूंचं (ग्रहाहून जड, पण ताऱ्यासारखे न पेटलेले गोल) वाटप मात्र वेगळं दिसलं. माझ्या मते हे गाभ्यावर वायू साचून ग्रह झाल्याच्या बाजूने झुकतं.

धागाकर्ता :

आभार! खोटे ग्रह पेरून बघतो. सुरुवातीला सगळ्या कक्षा वर्तुळाकार धरल्या तर चालेल, की दूरच्या ग्रहांचा हिशेब बिघडेल?